मॉन्टेरे: जावं का? जावं, पण सायकल बर्ड रॉकवरूनच परत फिरवावी

"भावोजी, सगळं सपाट आहे हो. समुद्राच्या कडेकडेनं जायचं, कार्मेलला कॉफी प्यायची आणि परत यायचं." इति आमचा मेहुणा. कॅलिफोर्नियात सनीवेलला अकरा वर्षं राहणारा, तिथून दक्षिणेला समुद्रकाठी असलेल्या मॉन्टेरेला 'असंख्य वेळा' जाऊन आलेला. असंख्य वेळा गेला होता तो गाडीनं, हे मला पेबल बीचच्या चढावर कळलं.

हे लिहायला बसलो ते त्याच रागात, मांड्या अजून दुखतायत. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात मुलांकडे येणारे आईबाबा असोत की माझ्यासारखे तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेले, प्रत्येकाला कुणीतरी सांगतंच की मॉन्टेरेला एक दिवस टाकून या. कॅलिफोर्निया, जुलै महिना, समुद्र! मी बॅगेत हाफ पँट आणि टॉवेल भरला. बायकोनं स्वेटर ठेवू का विचारलं तर हसलो तिला.

शनिवारी सकाळी वाटेत गिलरॉयला गाडी २८ अंश दाखवत होती. कॅस्ट्रोव्हिलला १९. मॉन्टेरेत उतरलो तेव्हा १४, आणि समोर जो पॅसिफिक महासागर असायला हवा होता तिथे पांढरी चादर. जुलैत महाबळेश्वरला पॉइंट बघायला गेलेल्या माणसाचा चेहरा होतो ना, तसे आम्ही पाच जण वाहनतळावर उभे. यात नशिबाचा काही भाग नाही, उन्हाळाभर हे असंच चालतं. समुद्रात खोलातून वर येणारं पाणी मुळात थंडगार, त्यावर धुकं धरतं, आणि आतल्या बाजूची सलिनास व्हॅली तापली की ते धुकं जमिनीकडे ओढलं जातं. म्हणजे बाकी कॅलिफोर्निया जितका भाजतो तितकं इथे जास्त कुडकुडायचं. ऊन हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर. जून ते ऑगस्ट नको. ऑगस्टमध्ये तर पेबल बीचला जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरतो, त्या आठवड्यात हॉटेलचे दर विचारूसुद्धा नयेत.

धक्क्यावरच्या दुकानात छातीवर 'मॉन्टेरे' लिहिलेली निळी जाकिटं ४५ डॉलरला मिळतात. पाच मिनिटांत लक्षात आलं की धक्क्यावरची निम्मी माणसं तेच जाकीट घालून फिरतायत. फसलेल्यांचा गणवेशच तो. मीही घेतलं.

आता सायकलीचं. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट मॉन्टेरेतल्या कॅनरी रो या रस्त्यावरून पॅसिफिक ग्रोव्हच्या लव्हर्स पॉइंटपर्यंत जाते, ती खरोखर सपाट आहे. पुढे रस्त्यानं पॉइंट पिनोसला वळसा घालून असिलोमारचा किनारा लागतो, मग पेबल बीचमधून जाणाऱ्या सतरा मैलांच्या त्या प्रसिद्ध खाजगी रस्त्याचं फाटक. गाडीला बारा डॉलरच्या वर पडतात, सायकल फुकट. (गाडीनं गेलात आणि आतल्या हॉटेलांत ३५ डॉलरच्या वर खाल्लंत तर प्रवेशाचे पैसे वजा करून देतात. पावती जपून ठेवा.) फाटकापासून बर्ड रॉकपर्यंत पुन्हा सपाट. खडकावर समुद्रसिंह आणि पाणकावळ्यांची गर्दी, आणि वास ससून डॉकची आठवण करून देणारा. इथपर्यंत मेहुणा हरिश्चंद्र होता.

सायप्रस पॉइंटनंतर रस्ता समुद्र सोडून झाडांत शिरतो आणि चढउतार सुरू होतात. मी रविवारी सिंहगड करणारा माणूस, जुना कात्रज घाट न थांबता चढतो. चढानं मला काही होत नाही. पण इथे कडेला जागाच नाही. भाड्याच्या गाड्यांतले लोक वळणावर मधेच थांबतात, फोटोसाठी दार उघडतात, मागून टूरची बस येते. वरून सायप्रसच्या फांद्यांत अडकलेलं धुकं थेंब थेंब गळतं. हे मी पहिल्यांदाच पाहिलं: आकाशातून पाऊस नाही, पण प्रत्येक झाडाखाली हेल्मेटवर टपटप, आणि रस्ता झाडाच्या सावलीएवढाच ओला. पुढे कोरडा, पुन्हा ओला. उतारावर अशा एका पट्ट्यात माझं मागचं चाक सरकलं. पडलो नाही, पण त्यानंतर ब्रेक सोडलाच नाही. आणि भाड्याची सायकल म्हणजे रुंद हँडलचं जड धूड, खाली सात गिअर.

तो जगप्रसिद्ध एकटा सायप्रस वृक्ष याच टप्प्यात आहे. वय अडीचशेच्या आसपास, लोखंडी तारांनी बांधून ठेवलेला, २०१९ च्या वादळात एक मोठी फांदी गमावलेला. फळ्यांच्या सज्जातून लांबूनच बघायचा. धुक्यात तो आम्हाला निम्माच दिसला. एवढ्यासाठी हा चढ? नाही.

कार्मेलला पोचलो, मुख्य रस्ता समुद्राकडून वर चढत जातो, म्हणजे कॉफीच्या आधी आणखी एक चढ. कॉफी साडेसहा डॉलर. खरी शिक्षा परतीला. दुपारी धुकं जरा विरळ होतं आणि त्याच्या जागी वायव्येचा वारा सुटतो, अगदी नेमानं. कार्मेलहून उत्तरेला यायचं म्हणजे तो डाव्या गालावर आणि छातीवर. सकाळी ज्या सपाट रस्त्यावर गप्पा मारत आलो, तिथे मान खाली घालून ताशी नऊ किलोमीटर. असिलोमारला वाळू उडून दातांखाली. मेहुणा एक शब्द बोलत नव्हता, ती एकच समाधानाची बाब.

चार तासांच्या बोलीवर घेतलेल्या सायकली पाच तास वीस मिनिटांनी दिल्या. दुकानातल्या मुलानं घड्याळाकडे न बघता पूर्ण दिवसाचे पैसे लावले, माणशी १८ डॉलर जास्त. दोन तास वाढवून घ्यायला फोन केला असता तर कमी पडले असते, हे सांगितलं पैसे घेतल्यावर. फलकावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. तेव्हा फलक वाचा आणि सरळ दिवसाची बोली करा.

तर ऐका. दुकान उघडताच सायकल घ्या, बर्ड रॉकला पोचा, फोटो काढा, मागे वळा. जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर, बाराच्या आत परत. कार्मेल गाठायचंच असेल तर एकेरी गाठा आणि तिथून मॉन्टेरेची बस पकडा. बसच्या पुढे सायकल अडकवायची जाळी असते. हे मला कळलं ते कार्मेलच्या चढावर धापा टाकताना ती बस सायकलींसकट शेजारून गेली तेव्हा. लहान मुलं किंवा साठीच्या पुढचे आईबाबा असतील तर लव्हर्स पॉइंटच्या पुढे नेऊ नका.

मत्स्यालयाबद्दल मला सगळ्यात जास्त शंका होती, माणशी साठ डॉलरच्या आसपास तिकीट ऐकून. जुन्या सार्डिनच्या कारखान्याच्या जागेवर १९८४ साली उघडलेलं हे मत्स्यालय. एके काळी इथे कॅनरी रोवर ओळीनं डबाबंद माशांचे कारखाने होते. मग दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांतच खाडीतली सार्डिन संपली आणि सगळे बसले. आत समुद्रशैवालाचं उभं जंगल आहे, साडेआठ मीटर उंच काचेच्या टाकीत. मी त्याच्यासमोर वीस मिनिटं उभा राहिलो, आणि मी असल्या गोष्टींना सहसा उभा राहत नाही. तिकीट वसूल आहे. दहाला उघडताच जा. अकरानंतर काचेला मुलांचीच तोंडं चिकटलेली असतात.

पण एक पैसाही न देता जे दिसतं ते सांगून ठेवतो. मत्स्यालयाच्या जरा पुढे, सायकलवाटेच्या जाळीपलीकडच्या छोट्या पुळणीवर सील पसरलेले असतात, भरल्या पोत्यांसारखे. आणि शेवाळाच्या पट्ट्यात नीट पाहिलंत तर पाणमांजर. उताणं पडलेलं, पोटावर दगड, त्यावर शिंपला आपटतंय. टक टक टक. आवाज किनाऱ्यावर ऐकू येतो. मधेच लोळण घेऊन पोटावरचा कचरा धुतं आणि परत टक टक.

देवमासे बघायला बायको आणि भाचा गेले, मी सायकलीवर असताना. खाडीच्या तळाशी खोल दरी आहे, ती मॉस लँडिंगच्या बंदराच्या तोंडापर्यंत येते, म्हणून देवमासे किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतात. हंपबॅकच्या शेपट्या दोघांना दिसल्या. भाच्याला बोट लागली, परतताना सगळा वेळ पिशवीत तोंड. गोळी निघण्याआधी घ्या, बोटीत चढल्यावर नाही. सकाळचीच फेरी घ्या, दुपारचा वारा वर सांगितलाच.

खाणं: धक्क्यावर शिंपल्यांचं दुधाळ सूप दारोदार छोट्या कपात चाखायला देतात. चार दुकानांत चाखा, पोट निम्मं भरतं. बायको मालवणची. तिचं मत: तिसऱ्यांना दुधात बुडवणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी. मला आवडलं, घरात बोललो नाही. शाकाहाऱ्यांनी धक्क्यावर वेळ घालवू नये. येता-जाता कॅस्ट्रोव्हिलला तळलेले आर्टिचोक खावेत, त्या गावाचं पीकच ते.

हॉटेलानं दाखवलेल्या दरात कर, 'सुविधा शुल्क' आणि गाडी उभी करायचे पैसे धरून २१९ चे २९८ झाले. सुविधा म्हणजे दोन पाण्याच्या बाटल्या. खोली ठरवताना शेवटच्या पानापर्यंत जाऊन बेरीज बघा.

रविवार छान गेला. कार्मेलच्या दक्षिणेला पॉइंट लोबोस हे किनाऱ्यावरचं राखीव उद्यान आहे, तिथे आठला उघडतानाच पोचलो, गाडीचे दहा डॉलर, ऊनही पडलं. दहापर्यंत आतली जागा भरते, मग बाहेर हायवेच्या कडेला गाडी लावून चालत जायचं. एवढंच.

एका दिवसात परत येणार असाल तर मत्स्यालय, लव्हर्स पॉइंट आणि घर, बाकी यादी फाडून टाका. दोन दिवस आणि सप्टेंबर असेल तर बिनधास्त जा. पाण्यात डुंबायचं असेल तर हे गाव तुमचं नव्हेच, पाणी १३-१४ अंशांचं असतं, मी घोट्यापर्यंत उभा राहिलो आणि नख निळं झालं. त्यांनी सांता क्रूझला जावं. मॉन्टेरेत धुकं बसलंच तर हॉटेलात कुढत बसू नका, कार्मेल व्हॅलीत वीसेक किलोमीटर आत गेलं की ऊन असतं.

शनिवारी सॅन होजेहून आठच्या आत निघा. हायवे १०१ सोडून १५६ ला लागलं की जायला-यायला एकेकच लेन आणि शेतमालाचे ट्रक, तिथे आमचा पाऊण तास गेला. रविवारी परतताना तीच गत, दुपारी दोनला निघा नाहीतर रात्रीचं जेवूनच निघा. बिक्स्बी पुलाच्या पुढे दक्षिणेला बिग सूरकडे जायचा बेत असेल तर निघण्याआधी रस्ता चालू आहे ना ते बघा, दरडी कोसळून तो महिनोन् महिने बंद राहतो. मेहुण्याला विचारू नका.