नामिबच्या टेकड्यांवरची काळी वाळू

वाळूतील जड खनिजे हा माझा अभ्यासाचा विषय आहे हे समजले, की नामिबियाला जाऊन आलेली मंडळी तिथल्या नामिब वाळवंटातील सोसुसव्लेईच्या तांबूस वाळूच्या टेकड्यांचे फोटो पुढे करतात आणि त्यांवरील काळ्या-जांभळ्या पट्ट्यांवर बोट ठेवून विचारतात, “यात टायटॅनियम असते ना? मग ते कोणी काढत का नाही?” तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

टायटॅनियम त्यात असते, हे खरे आहे. पट्ट्यांतील काळे कण मुख्यतः मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट या खनिजांचे असतात, तर जांभळट छटा गार्नेट या खनिजाची असते. इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियम यांचे ऑक्साइड असून शुद्ध रूपात त्यात वजनाने सुमारे ५३ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड भरते. पुष्कळ जण वाळूवर लोहचुंबक फिरवून पाहतात. पण त्याला झटकन चिकटतात ते मॅग्नेटाइटचे कण. इल्मेनाइटचे चुंबकत्व क्षीण असल्यामुळे ते साध्या चुंबकाला सहसा दाद देत नाही. तेव्हा चुंबकावर उभ्या राहिलेल्या काळ्या मिशा पाहून टायटॅनियमचा हिशेब मांडता येत नाही.

खरा मुद्दा हे पट्टे तयार कसे होतात हा आहे. क्वार्ट्झची, म्हणजे नेहमीच्या वाळूतील मुख्य खनिजाची, घनता पाण्याच्या २.६५ पट, इल्मेनाइटची सुमारे ४.७ पट आणि मॅग्नेटाइटची सुमारे ५.२ पट असते. शिवाय जड खनिजांचे कण बहुधा क्वार्ट्झपेक्षा बारीक असल्याने मोठ्या कणांच्या आडोशाला बसतात. टेकडीच्या वाऱ्याकडील उतारावर क्वार्ट्झचे कण उड्या मारत पुढे निघून जातात आणि जड कण मागे राहतात. सुपात धान्य पाखडताना फोलपट उडते आणि दाणा राहतो, तसेच हे आहे. मात्र वाऱ्याचे हे काम पृष्ठभागापुरतेच असते. काळा थर बोटाने उकरला, तर पुष्कळदा काही मिलिमीटरांखालीच नेहमीची तांबूस वाळू लागते. वारा फिरला, की तो थर झाकला जातो, मोडतो, पुन्हा वाळूत मिसळतो. डोळ्यांना पट्टा गडद दिसतो, पण खाणीचा विचार करणारा माणूस टेकडीच्या संपूर्ण आकारमानातील सरासरी पाहतो, आणि त्या सरासरीत क्वार्ट्झच क्वार्ट्झ असते. जागतिक वारसा म्हणून नामिबच्या वाळूसागराला २०१३ मध्ये मिळालेला दर्जा क्षणभर बाजूला ठेवला, तरी माझ्या मते उत्तर बदलत नाही: इथे टायटॅनियम काढणे परवडणार नाही.

याचा अर्थ वाऱ्याने साठवलेल्या वाळूतून टायटॅनियम कधीच काढत नाहीत असा नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या पश्चिम किनाऱ्यावर, केप टाउनच्या उत्तरेला ब्रांड-से-बाई येथे ‘नामाक्वा सँड्स’ हा प्रकल्प १९९४ पासून हेच काम करतो, आणि तेथील साठ्याचा मोठा भाग वाऱ्याने आणलेल्या तांबड्या वाळूचा आहे. फरक इतकाच, की तिथे निवडण्याचे अवघड काम आधी समुद्राने केले. लाटा तीच वाळू पुढे नेतात, मागे आणतात आणि हलके कण ओढून नेत पुळणीवर जड कणांचे थर साचवतात. हा निवडलेला माल पुढे वाऱ्याने आत नेला. वाळवंटात गोडे पाणी नाही, म्हणून पहिली धुलाई समुद्राच्या पाण्यावर होते, त्यानंतर चुंबकीय आणि विद्युत पद्धतींनी इल्मेनाइट, रूटाइल (टायटॅनियमचेच दुसरे खनिज) आणि झिरकॉन (झिर्कोनियमचे खनिज) वेगळे करतात. यातील झिरकॉनला चांगली किंमत येते, आणि असे जोडउत्पन्न असल्याशिवाय वाळूतील टायटॅनियमचे गणित अनेकदा जमत नाही. खोदलेली जमीन पूर्ववत करणे मात्र फार कष्टाचे आहे, कारण पाऊस जेमतेम पडतो आणि सुटी झालेली वाळू रोपांवर सपासप आदळते. म्हणून वारा अडवणाऱ्या जाळ्या उभारून स्थानिक झुडपे लावावी लागतात. हा खर्च खाणीच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

नामिबच्या काळ्या कणांचे मोल मला वेगळ्याच कारणाने वाटते. भूवैज्ञानिक एदुआर्दो गार्झांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या वाळूतील खनिजे आणि झिरकॉनची वये तपासून दाखवले, की वाळूसागरातील बहुतेक वाळू ऑरेंज नदीची आहे. नदीने ती समुद्रात टाकली, किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने उत्तरेकडे नेली आणि वाऱ्याने वाळवंटात ढकलली. तिच्यातील पायरॉक्सीन हे गडद खनिज थेट दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या लेसोथो या देशाच्या डोंगरांमधील, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टपर्यंत नेऊन पोहोचवते. आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये, कारण रत्नागिरीच्या काळबादेवीच्या पुळणीवरील काळी वाळूही सह्याद्रीच्या बेसाल्टमधूनच सुटलेली आहे, आणि तिच्यातही मॅग्नेटाइट व इल्मेनाइट आहे. तुम्ही पुन्हा नामिबला गेलात, तर चुंबकाऐवजी दहापट मोठे दाखवणारे भिंग न्या आणि पट्ट्यातील वाळू जागेवरच पाहा. चकचकीत काळ्या कणांशेजारी गडद हिरवट कण दिसले, तर ते पायरॉक्सीनचे असण्याची शक्यता बरीच आहे.