जुळी, सावरी धबधबा आणि ‘लागींच आसा’

सोमवारची रात्र. मुलं झोपली आहेत. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि आज संध्याकाळी मी जिना कठड्याला धरून, एकेक पायरी, आजीबाईसारखी चढले. मांड्या अशा भरून आल्यात की खुर्चीवर बसले की उठवत नाही. तेव्हा पुढचं जरा कडवट वाटलं तर वाटू द्या.

ज्यांना फक्त निकाल हवा त्यांच्यासाठी आधीच सांगते: अडीच वर्षांची जुळी घेऊन गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्यातल्या सावरी धबधब्याला दोघंच जाऊ नका. तिघं जा. तिसरं माणूस मिळत नसेल तर साळावली धरणावर जा, तिथल्या बागेत बाबागाडी फिरवा, सांगे बाजारात चहा-भजी खा आणि परत या. त्यात कमीपणा काही नाही. आम्हालाच तेव्हा वाटला होता.

आम्ही फोंड्याचे. मुलांच्या आधी दोघांचाही शनिवार-रविवार डोंगरात जायचा. सत्तरी तालुक्यातले बहुतेक धबधबे झालेत, तांबडी सुर्लाच्या देवळामागचं रान पालथं घातलंय, लग्नाआधी एकदा कुळ्याहून रुळांवरून दूधसागरही गाठलाय. (ते आता डोक्यातून काढा. रुळांवरून चालणं गुन्हा आहे, रेल्वे पोलीस धरतात, आणि धरावंच. हंगामात कुळ्याहून जीप मिळते.) मग थोरला आणि त्याच्याहून सात मिनिटांनी धाकटी अशी दोघं आली आणि दोन वर्षं आमची धाव घर ते फोंड्याचा बाजार एवढीच राहिली. यंदा दिवाळी झाल्या झाल्या ठरवलं की आता पुरे. शुक्रवारी दुपारी निघायचं, नेत्रावळीत दोन रात्री, मग काणकोणात एक, सोमवारी सकाळी घरी. पावसाचं पाणी अजून धबधब्यात असतं, वाट वाळायला लागलेली असते. हिशेब बरोबर होता. चुकलो ते माणसाच्या शब्दावर.

नेत्रावळीत ज्यांच्या घरी मुक्काम ठरला त्यांना मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं. मुलं अडीच वर्षांची आहेत, दोन आहेत, सावरीची वाट कशी आहे? पलीकडून अगदी मायेनं उत्तर आलं: “वैनी, लागींच आसा. वीस मिनटां. भुरगीं लेगीत वतात.” म्हणजे, जवळच आहे, वीस मिनिटं, मुलंसुद्धा जातात.

भुरगीं जातात हे खरं आहे. आम्हाला वाटेत दिसलीही. आठ-नऊ वर्षांची होती, आपल्या पायांनी चालत होती आणि खाली पोचून आमच्याआधी भिजून परतही निघाली होती. वीस मिनिटं हेही खरं असणार, सांगणाऱ्याच्या पायांनी. आम्हाला उतरायला लागला एक तास पस्तीस मिनिटं.

आता जुळ्यांचा हिशेब. मुलांना घेऊन रानात कसं जावं यावर जे काही वाचाल ते एक मूल असलेल्यांनी लिहिलेलं असतं. त्यात एक वाक्य हमखास असतं: आईबाबांनी आळीपाळीनं मूल घ्यावं. जुळ्यांत आळी नाही आणि पाळीही नाही. दोघांच्याही पाठी भरलेल्या. एकाचा पाय घसरला तर त्याला हात द्यायला मोकळा हात कोणाचा? कोणाचाच नाही. पाण्याची बाटली काढायला, बुटाची नाडी बांधायला, जळू उपटायला, वाट चुकली तर दहा पावलं पुढे जाऊन बघायला एक रिकामा माणूस लागतो. एका मुलाच्या घरात तो असतो, जुळ्यांच्या घरात तो बाहेरून आणावा लागतो. मामा, आत्या, शेजारचा कॉलेजातला मुलगा, कोणीही चालेल. त्याचं जेवण-खाण करा, पाया पडा, पण न्या.

वजनाचंही बघा. थोरला साडेबारा किलो, धाकटी अकरा. मूल पाठीवर घ्यायची सळ्यांची पिशवी रिकामीच तीन किलोच्या आसपास. त्यावर दोन लिटर पाणी, डायपर, कपडे, फोव, केळी. नवऱ्याच्या पाठीवर एकोणीस-वीस किलो आणि माझ्या पाठीवर त्याहून थोडंसंच कमी. एवढं वजन आम्ही पूर्वी उचललेलं आहे, त्याचं कौतुक नाही. फरक असा की सॅक गप्प बसते. मूल उंचावर बसलेलं असतं, आणि डावीकडे माकड दिसलं की अकरा किलो एकदम डावीकडे झुकतात. तुम्ही एका पायावर असता नेमके तेव्हाच.

ती वाट सुरुवातीला फसवते. गाडी थांबते तिथून बराच वेळ रानातली सरळ चाल आहे, सावली आहे, मुलं खाली उतरून चालली. म्हणजे एक चालला. दुसरी मुंग्यांच्या रांगेपाशी बसली. तिला उचललं तर पहिला उलटा फिरून मुंग्यांकडे. एवढ्यात पाऊण तास गेला आणि तरी आम्ही खुशीत होतो.

मग उतार आला. शेवटचा तुकडा, अंदाजे तीनशे मीटर. त्याच्यावरच मी आज सगळं लिहिणार आहे, कारण बाकीचं कोणीही लिहील. ओला दगड, त्यावर पाचोळा, पाचोळ्याखाली मुळं. पाऊल टाकलं की ते दगडावर पडलं की मुळावर की नुसत्या हवेत हे वजन पडल्यावरच कळतं. नवऱ्यानं थोरल्याला पुढे कापडी झोळीत घेतलं होतं, कारण पाठीवर तो झोपेना. पुढे मूल असलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत. तो प्रत्येक पाऊल काठीनं चाचपून टाकत होता. मी मागे. दोनदा मी चक्क बसले आणि बुडावर घसरत उतरले, धाकटी माझे केस लगामासारखे धरून “पुन्ना, पुन्ना” करत होती. तिला ती घसरगुंडी वाटली.

अर्ध्या उतारावर थोरल्यानं शी केली. तिथे सपाट जागा म्हणून एक दगड, त्यावर एक माणूस कसाबसा उभा राहील. नवऱ्यानं त्याला झोळीतून काढून उभा धरला, मी पाठीवर धाकटी तशीच ठेवून वाकून डायपर बदलला. वाकले की ती माझ्या डोक्यावरून पुढे येणार, म्हणून पट्ट्याला धरायला तिसरा हात हवा होता. तो हात आमच्याबरोबर आलेल्या पोराचा. वाटाड्या म्हणून दिलेला, असेल अठरा-एकोणीस वर्षांचा, तोवर पुढे पुढे फोनवर गाणी लावून चाललेला. त्यानं पट्टा धरला, मग काही न बोलता धाकटीला पिशवीतून काढलं, खांद्यावर बसवलं आणि त्या दगडांवरून चपला घालून असा उतरला की मला एकाच वेळी हायसं वाटलं आणि राग आला. येतानाही तीच व्यवस्था. तो नसता तर आम्ही त्या दगडावरूनच परत फिरलो असतो.

खालचं पाणी? सुंदर आहे. पंधरा मिनिटं बसलो, पाय बुडवले, मुलांनी खडे टाकले. डोहात उतरलो नाही आणि तुम्हीही मुलांना घेऊन उतरू नका. जुलै २०२३ मध्ये याच अभयारण्यात मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्यानं अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदीच घातली होती. पावसाळ्यात निघण्याआधी त्या वर्षीचे नियम काय आहेत ते वनखात्याकडेच विचारा, मुक्कामाच्या घरी नको. मुक्कामाच्या घरी सगळंच लागींच असतं.

आता पैशांचं. संध्याकाळी हिशेब पुढ्यात आला: वाटाड्या माणशी पाचशे, चार माणसं, दोन हजार. मी म्हटलं, चार कुठली? दोन तर पाठीवर होती. “वैनी, माणूस तो माणूस.” जेवणाच्या ताटांचंही तेच. मुलांनी दोघांत मिळून मूठभर भात आणि अर्धा पापड खाल्ला, ताटं चार लागली. त्यावर मी फार वाद घातला नाही, कारण भाताबरोबर आलेलं तिखलं फारच चांगलं होतं. पण वाटाड्याचं डोक्यातून जाईना. सकाळी निघताना त्या पोराला बाजूला घेऊन विचारलं, तुला किती मिळाले? तीनशे. माझी धाकटी खांद्यावर घेऊन ज्यानं तो उतार दोनदा केला त्याला तीनशे, आणि अंगणात आरामखुर्चीत बसून ‘लागींच’ म्हणणाऱ्याला सतराशे. आम्ही त्याच्या हातात वेगळे पाचशे ठेवले. तुम्ही जाल तेव्हा आधीच विचारा: पैसे माणशी की फेरीचे, दोन वर्षांचं मूल माणूस धरता का, आणि वाटाड्याला पैसे थेट द्यायचे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला आधी सांगून ठेवा की वाट दाखवायची नाही, मूल उचलायचं आहे. वाट दिसतेच.

काही गोष्टी घाईघाईनं, सुचतील तशा.

पिशवीत बसलेलं मूल हलत नाही, त्यामुळे तुम्हाला घाम आणि त्याला गारठा, किंवा उन्हात उलटं, त्याचं डोकं तापलेलं आणि तुम्हाला पत्ता नाही. दर अर्ध्या तासानं उतरवा, पाय चोळा, पाणी पाजा. थोरल्याच्या मांडीला पट्ट्याचा वळ उठला तो अजून आहे.

किडे-डासांसाठी मलम-फवारा लावाल तर मुलांच्या हातांना नको, हात तोंडात जातात. लांब पायाची विजार आणि मोजे जास्त कामाचे. ऑक्टोबरात जळवा असतातच, त्यांना घाबरू नका. घाबरायचं गोचिडांना. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आलेत आणि तो पसरतो गोचिडांवाटे, मुख्यतः डिसेंबर ते मे. त्या महिन्यांत मी या वयाची मुलं सत्तरीच्या रानात नेणार नाही, मेलेलं माकड दिसलं असं गावात कोणी म्हणालं तर अजिबातच नाही. कुठल्याही रानातून आलात की अंघोळीच्या वेळी कानामागे, काखेत, डायपरच्या कडेला नीट बघा. दोघांचं. थकल्यावर एकाचं बघून दुसऱ्याचंही झालं असं वाटतं, हे मी अनुभवानं सांगते.

औषधंसुद्धा दोघांची वेगळी घ्या, कारण ताप आला तर एकाला येऊन थांबत नाही. वर रानात फोन लागेलच असं नाही. कुठल्या वळणावर रेंज येते ते आधी विचारून ठेवा, १०८ लावायची वेळ आली तर धावायचं कुठे ते माहीत हवं. मोठं सरकारी रुग्णालय थेट मडगावला.

वापरलेले डायपर परत आणायचे. दोन मुलांचे दोन दिवसांचे म्हणजे एक पिशवी गच्च होते आणि गाडीत वास येतो. आणायचेच.

बाबागाडी जुळ्यांची, शेजारी-शेजारी बसायची, आम्ही नेली होती. तीन दिवसांत तिचा उपयोग एका ठिकाणी झाला: साळावलीच्या बागेत. बाकी वेळ डिकीत अडचण.

शुक्रवारी नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी बघितली. टाळ्या वाजवल्या की बुडबुडे जास्त येतात म्हणतात. आमच्या दोघांनी हात लाल होईपर्यंत वाजवल्या. छान झालं. रविवारी काणकोणात उतरून खोतीगाव अभयारण्य. तिथलं झाडावरचं मचाण पंचवीस मीटर उंच आहे, मुलांना वर नेण्याचा प्रश्नच नव्हता. नवरा चढला, मी खाली दोघांना धरून बसले, मग तो उतरला आणि मी चढले. पाळी लावता येते अशी सबंध सहलीतली ही एकमेव जागा. वर दहा मिनिटं मी एकटी होते. खाली पाणवठ्यावर काहीही आलं नाही, साधं भेकरही नाही, तरी मला उतरवेना. खालून धाकटीचा आवाज आल्यावर उतरले.

संध्याकाळी गालजीबाग. सुरूच्या झाडांखाली चटई टाकली, मुलं वाळूत, आम्ही आडवे. कासवांची अंडी घालायची जागा राखीव असते, तिथे कुंपण दिसलं तर मुलांना लांब ठेवा आणि अंधारात बॅटऱ्या मारू नका. याहून जास्त लिहिण्यासारखं तिथे काही झालं नाही.

आज दुपारी ताईला फोन केला. डिसेंबरात ती येतेय चार दिवस. तिला अजून सांगितलेलं नाही की तिच्या पाठीवर काय येणार आहे. सावरी नव्हे, पुन्हा काणकोणच. एवढंच विचारलं की तुझे बूट आहेत ना. ती म्हणाली, “लांब आहे का गं?”

मी म्हटलं, लागींच आसा.

मोजे घ्याल ते दोन जोड जास्तच घ्या. आमचा एक त्या उतारावर कुठेतरी राहिलाय. निळा, थोरल्याच्या डाव्या पायाचा.