समुद्री गोगलगायीचा फोटो हाती आल्यावर रंग सर्वांत शेवटी बघा

अंदमान किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाहून पुण्यात परतलेल्या डायव्हरांच्या ग्रुपवर रंगीत, बिनशिंपल्याच्या गोगलगायीचा फोटो पडला की रंगावरून लगेच नावं येऊ लागतात. निम्मा घोटाळा तिथेच होतो. क्रोमोडोरिस ॲनी आणि क्रोमोडोरिस एलिझाबेथिना या दोघीही निळ्या, काळ्या रेघांच्या आणि केशरी-पिवळ्या कडेच्या असतात. फरक बारीक आहे: ॲनीच्या निळ्या भागात काळपट ठिपके विखुरलेले दिसतात, एलिझाबेथिनाचा निळा स्वच्छ असतो. फोटो मोठा करून न बघता हे कळत नाही.

मुळात ती न्यूडिब्रँक, म्हणजे बिनशिंपल्याच्या समुद्री गोगलगायींच्या मोठ्या गटातली आहे का, हे आधी ठरवा. चपटकृमी (फ्लॅटवर्म) तिचं हुबेहूब सोंग घेतात. स्यूडोसेरॉस इमिटेटस हा चपटकृमी फायलिडिएला पुस्तुलोसा या न्यूडिब्रँकची नक्कल करतो. अशा वेळी डोकं बघावं. न्यूडिब्रँकच्या डोक्यावर ऱ्हायनोफोर नावाची दोन वेगळी, बुडापासून उभी शिंगं असतात. चपटकृमीला तशी शिंगं नसतात, शरीराची पुढची कडच दुमडून वर आलेली असते. शिवाय त्याचं अंग कागदासारखं पातळ असतं.

मग पाठ. न्यूडिब्रँकचे दोन मोठे गट इथे ओळखता येतात: मागच्या टोकाला कल्ल्यांचा तुरा असेल तर डोरिड, पाठभर बोटांसारखे उंचवटे (सिराटा) असतील तर बहुधा इओलिड. मात्र पाण्याचा झोत लागला तरी डोरिड तुरा आत ओढून घेतो, त्यामुळे फोटोत तुरा दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं धरू नका. फायलिडिया या डोरिडच्या पाठीवर तर तुरा कधीच नसतो, तिचे कल्ले झालरीखाली दोन्ही बाजूंना असतात. तिथे तळपायही उपयोगी पडतो: फायलिडिया व्हॅरिकोसाच्या तळव्यावर मधोमध काळी रेघ असते, दिसायला तशाच फायलिडिया सेलेस्टिसच्या तळव्यावर नसते. पण तळवा बघायचा म्हणून प्राण्याला उलटं करू नये. काचेवर किंवा खडकाच्या कडेवर चढलेली सापडली तरच तळव्याचा फोटो घ्यावा.

फोटो किमान तीन हवेत: वरून, बाजूने आणि शिंगांचा जवळून. पाच-सात मीटरखाली लाल रंग फिका पडतो, म्हणून टॉर्च किंवा फ्लॅश लावल्याशिवाय केशरी आणि तपकिरी यांत फसगत होते. शेजारी मोजपट्टी नसेल तर आकाराचा अंदाज लगेच लिहून ठेवा. ती कशावर बसली होती तेही टिपा, कारण बहुतेक क्रोमोडोरिड (क्रोमोडोरिसच्या कुळातल्या गोगलगायी) स्पंज खातात आणि बरेच इओलिड हायड्रॉइड नावाचे झुडपासारखे दिसणारे बारीक प्राणी. हिरवी गोगलगाय शेवाळावर बसलेली असेल आणि पाठीवर कल्ले नसतील तर ती एलिसिया असू शकते. एलिसिया न्यूडिब्रँक नाही, सॅकोग्लॉसा गटातली आहे.

नावं शोधताना जुन्या पुस्तकांवर विसंबू नका. २०१२ मध्ये जॉन्सन आणि गॉस्लिनर यांनी क्रोमोडोरिड कुळाची फेरमांडणी केली. त्यात क्रोमोडोरिसमधल्या अनेक जाती गोनिओब्रँकसमध्ये गेल्या आणि ग्लॉसोडोरिस ॲट्रोमार्जिनाटा ही डोरिप्रिस्मॅटिका झाली. आजचं ग्राह्य नाव वर्म्स (WoRMS) या समुद्री जीवांच्या ऑनलाइन जागतिक यादीत तपासा. फोटोवरून जात ठरत नसेल तर प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द) थांबावं. फायलिडिएला पुस्तुलोसा या एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या आहेत, हे डीएनएवरून दिसलं आहे. तिथे खात्रीने जात लिहिणं म्हणजे अंदाज लिहिणं. ठिकाण, तारीख, खोली आणि मूळ आकाराचा फोटो जपून ठेवला तर आकुर्डीतल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रासारख्या ठिकाणी तज्ज्ञांना विचारताना तेच कामी येतं.