गिफ्ट म्हणजे विष, आणि लग्नसुद्धा

जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष. उंदीर मारायचं औषध म्हणजे राटनगिफ्ट. स्वीडिशमध्ये स्पेलिंग तेच, उच्चार यिफ्टच्या जवळचा, आणि तिथे विष तर आहेच पण शिवाय 'लग्न झालेला' असाही अर्थ आहे, म्हणजे फॉर्मवर लग्न झालंय का विचारलं तर उत्तर यिफ्ट, नसेल झालं तर ऊयिफ्ट. नॉर्वे-डेन्मार्कमध्येही गिफ्टचे हेच दोन अर्थ. यावरून 'लग्न म्हणजे विष' टाइपचे जोक फिरतात, मला ते अजिबात आवडत नाहीत, कारण खरी गोष्ट त्याहून कितीतरी भारी आहे.

सगळ्याच्या मुळाशी 'देणे' आहे. इंग्लिशचं गिव्ह, जर्मनचं गेबेन, त्यांच्याच मूळ क्रियापदापासून बनलेलं हे नाम, अर्थ 'दिलेलं'. आता लग्नाचं बघा, आपल्याकडे अजूनही सहज विचारतात ना, मुलगी कुठे दिली? साताऱ्याला दिली. तिकडेही अगदी हेच झालंय! जुन्या इंग्लिशमध्ये हा शब्द वधूसाठी मोजलेल्या मोलाला होता आणि अनेकवचनात चक्क लग्नाला. जर्मनमध्ये हुंड्याला आजही मिटगिफ्ट म्हणतात, म्हणजे सोबत दिलेलं, त्यात विषाचा काही संबंध नाही. (आजच्या इंग्लिश गिफ्टमधला 'ग' व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून आलाय, नाहीतर इंग्लंडातही आधी यिफ्टच म्हणायचे.)

मग विष कुठून घुसलं? तर औषधपाण्यातून. ग्रीकमध्ये 'डोसिस' म्हणजे देणं, त्यावरून औषधाची दिलेली मात्रा, तो शब्द लॅटिनमध्ये गेला आणि जुन्या जर्मनमध्ये त्याचं शब्दशः भाषांतर झालं, 'गिफ्ट'. पाजायचं ते औषधही असू शकतं आणि विषही, आणि मारण्यासाठी दिलेलं असेल तर सरळ नाव कोण घेणार, 'दिलं' एवढंच म्हणणार, असं मला तरी वाटतं. हळूहळू जर्मनमध्ये विष हाच अर्थ उरला, देणगी मागे पडली. डच लोकांनी मात्र मस्त वाटणी केली, देणगीला गिफ्ट ठेवलं आणि विषाला शेवटचा ट काढून नुसतं गिफ.

आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे हा डोसिस ज्या धातूपासून आला तोच संस्कृतचा 'दा', ददाति, आणि तिथूनच आपलं मराठी 'देणे', म्हणजे डॉक्टर देतात तो डोस आणि आपलं देणं हे सख्खे नातेवाईक आहेत. गिव्ह आणि गिफ्ट या कुळातले नाहीत, त्यांचा धातू वेगळा.