जुन्या व्हिडिओंची नोंदवही: ४७ अडलेल्या फायलींपैकी ५ उरल्या

मागची नोंद लिहिली तेव्हा माझ्या संग्रहातल्या जुन्या व्हिडिओंच्या ३१२ फायलींपैकी ४७ नीट चालत नव्हत्या. कुठे नुसता आवाज, कुठे नुसतं चित्र, कुठे दोन्ही असून अडखळत. आज तो आकडा ५ वर आला आहे. मधल्या काळात काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण यातल्या दोन अडचणी तुमच्यापैकी अनेकांच्या संग्रहात असणारच.

सगळ्यात मोठा फरक पडला तो काही नवीन टाकून नाही, तर असलेलं काढून. माझ्या मशीनवर गेल्या काही वर्षांत तीन वेगवेगळे कोडेक पॅक (व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या आणि पुन्हा उलगडणाऱ्या प्रोग्रामांचे गठ्ठे) साठले होते. विंडोजच्या डायरेक्टशो या व्हिडिओ चालवण्याच्या पद्धतीत प्रत्येक फिल्टरला, म्हणजे फाईल उलगडणाऱ्या प्रत्येक भागाला, 'मेरिट' नावाचा एक आकडा असतो. फाईल उघडली की ज्याचं मेरिट जास्त, त्याला आधी संधी मिळते. तीन पॅकचे फिल्टर एकाच फाईलवर हक्क सांगत होते, म्हणून काल सरळ दिसलेला व्हिडिओ आज उलटा दिसायचा. तिन्ही काढून टाकले. व्हीएलसी आणि एमपीव्ही हे प्लेअर आपले डीकोडर (व्हिडिओ उलगडणारे भाग) सोबतच घेऊन येतात, त्यांना बाहेरच्या कोडेकची गरज लागत नाही. त्याच संध्याकाळी ४७ पैकी १९ फायली काहीही न करता चालू झाल्या.

उरलेल्या २८ ना हात लावण्याआधी मीडियाइन्फो या फाईलची आतली माहिती दाखवणाऱ्या साधनाने सगळ्या ३१२ फायली आतून तपासल्या. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. फाईलच्या नावापुढचं एव्हीआय किंवा एमकेव्ही हे फक्त पेटीचं नाव आहे, आत काय भरलंय ते त्यावरून कळत नाही. एव्हीआय ही पेटी १९९२ पासूनची, त्यामुळे तीत काय काय सापडतं बघा: माझ्या ४१ एव्हीआय फायलींमध्ये, कोडेकप्रमाणे मोजलं तर, २३ एक्सव्हिड किंवा डिव्हएक्स, ९ मोशन जेपेग (जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातल्या), ६ डीव्ही आणि ३ इंडिओ निघाल्या. इंडिओच्या त्या तीन फायली कधी दिसतील ही आशा मी सोडली होती. त्यांचे डीकोडर एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या मुक्त साधनात आहेत. जुन्या बंदिस्त कोडेकची चिरफाड करून ते कसे चालतात हे शोधणारी माणसं तिथे स्वेच्छेने काम करतात. २५ वर्षांपूर्वीचं चित्र पडद्यावर हललं तेव्हा त्या अनोळखी माणसांबद्दल फार कृतज्ञ वाटलं.

आता पहिली अवघड अडचण. २३ एक्सव्हिड-डिव्हएक्सपैकी ८ फायलींचा इंडेक्स (कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी) तुटलेला होता. सुरुवातीपासून लावली तर चालायची, पुढे-मागे सरकवलं की अडकायची. एफएफएमपेगचा 'कॉपी' पर्याय वापरून त्या एमकेव्हीत हलवायच्या ठरवल्या. यात चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, फक्त पेटी बदलते, म्हणून दर्जा जराही घसरत नाही आणि ७०० एमबीची फाईल काही सेकंदांत होते. पण काहींना वेळेचे शिक्के (कुठली फ्रेम कधी दाखवायची याची नोंद) नाहीत अशी तक्रार येऊन काम थांबलं, आणि काही झाल्या त्या धक्के देत चालू लागल्या.

कारण असं: एव्हीआयची रचना झाली तेव्हा बी फ्रेम्सचा विचार नव्हता. बी फ्रेमला मागची आणि पुढची, दोन्ही फ्रेम आधी लागतात, त्यामुळे साठवण्याचा क्रम आणि दाखवण्याचा क्रम वेगळा होतो. डिव्हएक्सवाल्यांनी यावर युक्ती काढली, दोन फ्रेम एकाच कप्प्यात कोंबायच्या आणि पुढचा कप्पा जवळजवळ रिकामा ठेवायचा. एव्हीआयमध्ये हे खपून जातं, दुसऱ्या पेटीत नेलं की हिशेब चुकतो. एफएफएमपेगमध्ये यासाठी 'एमपेग४ अनपॅक बी फ्रेम्स' नावाचा बिटस्ट्रीम फिल्टर (पुन्हा एन्कोड न करता आतली मांडणी बदलणारा) आहे. तो लावला, जोडीला शिक्के नव्याने तयार करणारा 'जेनपीटीएस' पर्याय दिला, आणि आठही फायली सुरळीत झाल्या. अशी फाईल अडली म्हणून सरळ एच.२६४ या दुसऱ्या कोडेकमध्ये रूपांतर करून टाकू नका. ते शेवटचं हत्यार आहे.

डीव्हीच्या सहा फायलींमध्ये हालचाल झाली की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसत. हा बिघाड नव्हे, ते इंटरलेस्ड चित्रीकरण आहे, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत (फील्डमध्ये) टिपलेलं. डीइंटरलेस करताना (त्या भागांची पूर्ण चित्रं करताना) 'बीडब्ल्यूडीआयएफ' फिल्टर वापरला, सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम मिळाल्या आणि हालचाल एकदम मऊ झाली. फील्डचा क्रम मात्र तपासा. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, उलटा क्रम दिला तर हलणारी वस्तू मागे-पुढे थरथरते. मूळ फायली तशाच ठेवल्या आहेत, तासाला सुमारे १३ जीबी लागत असले तरी.

फोनवरच्या सहा फोर-के फायलींचं कोडं वेगळं होतं. त्या १० बिट एचईव्हीसी (रंगांच्या जास्त छटा साठवणारा नवा कोडेक) आहेत आणि माझी ग्राफिक्स चिप फक्त ८ बिट एचईव्हीसी उलगडते, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर. (इंटेलच्या चिपमध्ये १० बिटची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आहे.) बघण्यासाठी १०८०पी एच.२६४ प्रती केल्या. पहिल्या प्रतींचे रंग धुतल्यासारखे फिके आले, कारण मूळ चित्रण एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणारं) होतं. टोन मॅपिंग (तो पल्ला साध्या पडद्यापुरता आवळणं) लावल्यावर रंग जागेवर आले.

राहिल्या ८. या सगळ्या रेकॉर्डिंग मध्येच तुटलेल्या, म्हणजे बॅटरी संपली किंवा कार्ड निघालं. एमपी४ आणि एमओव्हीत कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी 'मूव्ह' नावाच्या भागात असते, आणि बहुतेक कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहितात. यादी नाही तर शेकडो एमबीचा माल आत असूनही प्लेअरला काही कळत नाही. 'अनट्रंक' हे साधन त्याच उपकरणावर, त्याच सेटिंगवर केलेली एक धड फाईल नमुना म्हणून घेतं आणि यादी पुन्हा उभी करतं. ३ फायली अशा परत मिळाल्या, आवाजासकट.

शेवटच्या ५ ज्या कॅमेऱ्याच्या आहेत तो आता नाही, आणि त्याची एकही धड फाईल संग्रहात नाही. त्याचं जुनं कार्ड मात्र सापडलं आहे. कार्डाची बिट-न्-बिट प्रत काढून ठेवली. त्या प्रतीवर फोटोरेक (पुसलेल्या फायली परत मिळवणारं साधन) चालवून पुसलेली एखादी धड क्लिप मिळते का ते या आठवड्यात बघणार आहे.