कौलारू घर विकायला काढतोय, थंडीतल्या कामाची आतापर्यंतची खबर

मंडळी, दिवाळीनंतर जे काम धरलंय त्याचं कुठवर आलं ते लिहितो. देवरुखच्या बाजूचं आमचं चिऱ्याचं घर विकायचं नक्की झालं, काका, आत्या सगळ्यांची संमती झाली, आणि गिऱ्हाईक यायला लागायच्या आत हाताने जेवढं होईल तेवढं मी करतोय. कोकणात या कामाला हेच दिवस, ऑक्टोबरपर्यंत पाऊस पाठ सोडत नाही आणि एप्रिल-मेमध्ये कौलावर हात टेकवत नाही.

सगळ्यात आधी पडवीला पावसासाठी बांधलेली झापं (झावळ्यांचे विणलेले आडोसे) काढली आणि मग भिंतींना नुसतं वाळू दिलं. हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं मला. जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, पाणी पितो आणि ते सावकाश सोडतो, वाळताना आतला क्षार पृष्ठभागावर येतो, तोच लोणा. तो कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही कारण क्षार विरघळून परत आत जातो. झाडला की थांबायचं, परत आला की परत झाडायचं. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो त्यामुळे दक्षिणेची भिंत आधी वाळली, उत्तरेची शेवाळ धरलेली बाजू अजून थंडगार लागते हाताला, तिला शेवटी हात लावणार.

जोत्याला मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला होता. पागोळ्यांचं पाणी उडतं म्हणून मारला असणार, पण झालं उलटंच, ओल बाहेर पडायला वाट नाही म्हणून ती भिंतीत वर चढली आणि गिलावा फुगला. छिन्नीने सगळा काढला. आता कळीचा चुना विरवून पाण्याखाली झाकून ठेवलाय (विरवताना तो उकळतो, चष्मा आणि हातमोजे पाहिजेतच), एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू असं मिश्रण करून दरजा (चिऱ्यांमधल्या सांधी) भरतोय. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी थोडी ओल लागते, थंडीतला कोरडा वारा ती ओल पटकन ओढून घेतो, म्हणून भरलेल्या दरजांवर ओली गोणपाटं टाकतो, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडतो. वरचा हात चुन्याचाच देणार. भिंत आधी भिजवायची, निवळ पातळ हात द्यायचा, ओला असताना काही लागलंय असं वाटतसुद्धा नाही, वाळला की पांढरा दिसतो. जाड मारला की पापुद्रे निघतात. रंगारी म्हणाला दादा प्लास्टिक पेंट मारा, फोटो झकास येतील. फोटो येतील हो, पण पुढच्या श्रावणात तो रंग सुटून लोंबेल आणि तोवर घर दुसऱ्याचं झालेलं असेल, हे मला पटत नाही.

छपराचं काम वेळखाऊ आहे. वांदरांनी बरीच कौलं फोडलीयेत. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, नवं मंगलोरी कौल जुन्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि फटीतून पाणी येतं. म्हणून मागच्या पाख्यावरची (छपराच्या उतारावरची) धड जुनी कौलं उतरवून पुढच्या पाख्याला लावली, मागे सगळी एका साच्याची नवी. रिपा (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या) बदलल्या, वासे हातोडीने ठोकून बघितले, पोकळ वाजला तो वासा बाजूला. माजघरावर काचेची दोन कौलं टाकली, तिथे आता दिवसा दिवा लागत नाही.

दारं सागवानी आहेत, वर ऑइलपेंटचे थरावर थर. खरवडून आत जे लाकूड निघालं ते बघून दोन मिनिटं बघतच बसलो. अळशीचं तेल टर्पेंटाइन घालून पातळ करून दिलं, थंडीत ते वाळायला वेळ घेतं, पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा.

अंगण राहिलंय. माती टाकून, पाणी मारून, चोपण्याने चोपून मग सारवणार. फरशी घाला म्हणणारे खूप भेटले, पण मोहोर आलेल्या कलमाखाली सारवलेलं अंगण बघितल्यावर घेणाऱ्याला जे वाटतं ते फरशीने वाटणार नाही, असं माझं ठाम मत.

आता एक गोष्ट जिच्यावर घरात बरीच चर्चा झाली. जानेवारीत घर कोरडंठाक दिसतं. घेणारा मुंबई-पुण्याचा असेल तर त्याला जुलैतलं हे घर माहीतच नाही. म्हणून पावसाळ्यात काढलेले फोटो, ओल कुठवर चढते, न्हाणीकडून पाणी कुठे साचतं, झापं कधी बांधायची, हे सगळं एका वहीत लावून ठेवलंय आणि माळ्यावरच्या तुळईवरचे पाण्याचे जुने डाग घासून काढले नाहीत. किंमत थोडी कमी आली तरी चालेल असं मीच म्हटलं, आत्याला आधी पटलं नाही, मग तीच म्हणाली वहीत विहिरीचं पण लिही, मे महिन्यात पाणी किती खाली जातं ते.

कागदांचं थोडक्यात. वारस नोंद होऊन फेरफार मंजूर झालाय, ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या काढल्या, मोजणीचा अर्ज दिलाय. बागेचा सातबारा शेतीचा आहे, शेतजमीन शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय विकता येत नाही, त्यामुळे फोनवरच पहिला प्रश्न तोच विचारतो, उगाच कुणाची एवढ्या लांबची फेरी नको.

आढ्यावरचे कोने (दोन पाखी मिळतात तिथली वरची कौलं) अजून सिमेंटमध्येच बसवलेले आहेत, ते काढून चुन्यात बसवावे का याचा विचार चाललाय. वाऱ्यापावसात चुन्यातले कोने कुणाचे टिकलेत का, आणि चुन्यात विटांची पूड घातली होती का, ते सांगा, म्हणजे मी शिडी हलवायच्या आधी ठरवतो.