मिलफर्डला उतरायचं नसतंच

सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत झाली. त्यामुळे क्रूझच्या जहाजात पाऊल ठेवल्यावर माझं लक्ष आधी दोरखंड कसे बांधलेत इकडे, आणि हिचं जेवणाचा हॉल कुठे आहे तिकडे. सिडनीहून टास्मान समुद्र ओलांडायचा, मग न्यूझीलंडच्या किनाऱ्याकिनाऱ्याने ऑकलंडपर्यंत, असा मार्ग होता. टास्मानबद्दल एवढंच सांगतो, की भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडणाऱ्यांनीही उलटीच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात.

न्यूझीलंडमधल्या मिलफर्ड साउंडच्या तोंडाशी जहाज सकाळी पोचलं. हिमनदीने डोंगर कोरला, नंतर समुद्र आत शिरला, अशी ही पंधरा किलोमीटरची खाडी. तिथलं मायटर शिखर सुमारे १६९० मीटर, आपलं कळसूबाई १६४६. कागदावर फरक किरकोळ. पण कळसूबाई चढायला बारी गावातून सुरुवात करतो तेव्हा बरीचशी उंची एसटीने आधीच गाठलेली असते. इथे डोंगर थेट समुद्रातून उठतो.

पाऊस धो धो. इथे वर्षाला सरासरी ६८०० मिलिमीटर पडतो, मुंबईच्या अडीच-तीन पट. डेकवरची मंडळी हिरमुसून आत गेली, आम्ही दोघं छत्री उलटी होईपर्यंत उभे. आणि पावसातच मजा आहे, कारण प्रत्येक कड्यावरून धबधबे सुटलेले असतात. बारमाही मोठे दोनच, लेडी बोवेन आणि स्टर्लिंग. बाकीचे पाऊस थांबला की आटतात.

मला नवल वाटलं ते खोलीचं. आमच्या बंदरात गाळ उपसत राहावं लागतं, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं लागतं. इथे एवढं मोठं जहाज कड्याच्या इतकं जवळून गेलं, की हिने माझा हात धरला. आत काही ठिकाणी तळ अडीचशे मीटरहून खाली आहे! टोकाला जाऊन जहाज जागच्या जागी फिरलं आणि परत निघालं. नांगर नाही, धक्का नाही, कुणी उतरलं नाही. तरी सगळ्या सफरीतला तोच दिवस उत्तम.

बंदरांचं उलटं. सकाळी उतरा, संध्याकाळी चढा. वेलिंग्टन एवढ्या वेळात काय बघणार? ड्युनेडिनजवळ अल्बट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी दिसले, तेवढ्यावर समाधान मानलं. उतरताना खाण्याच्या वस्तूंची तपासणी कडक असते. न सांगता बुफेतलं सफरचंद जरी पिशवीत राहिलं तरी ४०० डॉलर दंड. हिचे बेसनाचे लाडू केबिनमध्येच राहिले.

अपवाद नेपियरचा. ३ फेब्रुवारी १९३१च्या भूकंपात हे गाव कोसळलं, त्या भागात २५६ माणसं गेली. नंतर जे उभं राहिलं ते बरंचसं आर्ट डेको पद्धतीचं. गोलाकार कोपरे, आडव्या पट्ट्या; मरीन ड्राइव्हच्या बऱ्याच इमारती याच सुमाराच्या, त्यामुळे ओळखीचं वाटत होतं. आपण भराव घालून समुद्र हटवला. तिथे भूकंपाने जमीनच सुमारे दोन मीटर वर उचलली, खाजण कोरडं पडलं आणि आज त्यावर विमानतळ आहे.

भाचा विचारतोय, बाल्कनीची केबिन घेऊ का. नको. मिलफर्डमध्ये कडे दोन्ही बाजूंना असतात, बाल्कनी एकाच बाजूला. त्या पैशात चांगले रेनकोट घे आणि वरच्या डेकवर जागा पकड. बुकिंगआधी मार्गात फिओर्डलंड, म्हणजे मिलफर्ड ज्यात येतं तो भाग, आहे ना ते बघ, सगळ्या क्रूझ तिकडे जात नाहीत. आणि हवा बिघडली तर कप्तान आयत्या वेळीही ते वगळू शकतो.